सैल झाकण

८ जानेवारी

ताई,

कामापुरतं लिहिते आहे. माझे रक्ततपासणीचे जुने कागद सापडत नाहीत. कपाटाचा खालचा खण पाहिला, गादीखाली पाहिलं, तुझ्या शिवणयंत्राच्या खोक्यातही पाहिलं. कुठे ठेवलेस तेवढं कळव. फोन करू नकोस. तू फोनवर गप्प बसतेस आणि मला वाटतं लाईन गेली.

कागद हवेत कारण नवा डॉक्टर शोधायचा आहे. आपल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून दाखवून चिंधी झाली आहे. औषधवाला दर वेळी म्हणतो, "मॅडम, ही शेवटची." मोठ्या हॉस्पिटलातले संधिवाताचे डॉक्टर वर्षातून दोनदा बघतात, तेही दारात उभं राहिल्यासारखे. मधल्या दिवसांत रक्त तपासून घेणारा, यकृत धड आहे ना ते पाहून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून देणारा कुणीतरी जवळचा लागतो. हे सगळं तुला माहीत आहे. तुलाच माहीत आहे, तीच अडचण आहे.

दवाखान्याची पाटी उतरवली. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिला आहे. चष्म्याचं दुकान येणार म्हणतात. ज्या खिडकीतून तू अर्धं आयुष्य लोकांना औषधं दिलीस ती विटांनी बुजवली. मी मुद्दाम बघायला गेले नव्हते. वाटेत लागलं.

कामावर ठीक चाललं आहे. थंडी बरीच आहे. भाच्याला आशीर्वाद. त्याच्या बाळाचा एक पापा घे.

बारकी


२१ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. चार शब्द: "स्वयंपाकघर, वरची फळी, डबा." कागद तिथेच होते. वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊन काढून देऊन गेले. डबा हातात देताना म्हणाले, "तुमच्या ताई उंच आहेत हो." जसं काही तू आत भाजी चिरत होतीस.

त्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही हे तुला ठाऊक होतं. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की तू काही लपवून ठेवलं नव्हतंस. तू इथून कधी जाशील असं तुला वाटलंच नव्हतं.

पहिला डॉक्टर पाहून झाला. बसस्टॉपसमोर काचेची इमारत आहे ना, तिथला. दारात यंत्रातून नंबर घ्यायचा. डॉक्टर तरुण मुलगा आहे, सभ्य आहे, दात चांगले आहेत. त्याने विचारलं, "हे केव्हापासून आहे?"

मी उजवीकडे पाहिलं.

आपल्या डॉक्टरांकडे माझी पाळी आली की तू खिडकी बंद करून आत यायचीस आणि उजवीकडच्या खुर्चीत बसायचीस. "ती अठ्ठावीस वर्षांची होती. थंडीचे दिवस होते. सकाळी तिला केसांत फणी घालता येईना." माझ्या आजाराची गोष्ट मी कायम तुझ्या तोंडून ऐकली, दुसऱ्या कुणाची असावी तशी. फणी कधी येते याची वाट बघत बसायचे.

उजवीकडे हात धुवायचं बेसिन होतं. मी म्हणाले, "बरीच वर्षं झाली." त्याने ते टाईप केलं.

"सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात?"

"चहा गार होईपर्यंत."

"मिनिटांत सांगा ना."

चहा किती मिनिटांत गार होतो हे मला माहीत नाही. तुला माहीत असणार. मग त्याने आपल्या डॉक्टरांची फाईल चाळली आणि थांबला. "हे काय आहे? 'झाकण उघडले, सहज.' प्रत्येक पानावर आहे."

मी सांगितलं. डॉक्टरांच्या टेबलावर काचेची एक रिकामी बरणी असायची. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, बरणी पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, उघड. मी उघडायचे. ते म्हणायचे, छान.

तो हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, आता पकड मोजायचं यंत्र असतं. मी म्हणाले, मग मोजा. तर म्हणे ते त्यांच्या दुसऱ्या शाखेत आहे.

शेवटी म्हणाला, नाव नोंदवा, दर महिन्याला या, ज्या दिवशी जो डॉक्टर ड्यूटीवर असेल तो बघेल. म्हणजे दर महिन्याला मी नव्या माणसाला चहा गार करून दाखवायचा. मी नाव नोंदवलं नाही.

बारकी


९ फेब्रुवारी

ताई,

दुसरे डॉक्टर आपल्या डॉक्टरांच्या वयाचे. खोलीत औषधाचा तोच वास, टेबलावर तशीच काच, काचेखाली नातवंडांचे फोटो. मला आत शिरताच बरं वाटलं. त्यांनी माझे हात लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "जुनाट दुखणी आता मी नवीन घेत नाही, बाई. माझंच किती दिवस राहिलंय." मग उठून दारापर्यंत सोडायला आले. नकार देऊन माणूस इतकं अगत्य दाखवतो हे पहिल्यांदाच पाहिलं. तिसरीकडे फोनवरच सांगितलं की यादी भरली आहे.

तुझं पार्सल मिळालं. हातमोजे चांगले आहेत, बोटांची टोकं उघडी ठेवलीस ते बरं केलंस. चिठ्ठी नव्हती. मी खोक्यातला कागद उलटसुलट करून पाहिला.

सुतळीची गाठ तू अशी मारली होतीस की एक टोक ओढलं की सुटावी. ओढलं, सुटली. मी ती सुतळी हातात घेऊन उभी राहिले. आधी बरं वाटलं, मग डोकं फिरलं.

तू अजून तेच करते आहेस.

दवाखाना आवरायच्या दिवसाबद्दल आपण दोघी काही बोललो नाही, म्हणून मी लिहिते. तू फडक्याने ती बरणी पुसत होतीस. डॉक्टर म्हणाले होते, काय हवं ते घेऊन जा, आणि तू बरणी घेतलीस. पुसता पुसता हसून म्हणालीस, "हिचं झाकण मी कायम तुझ्या पाळीआधी सैल करून ठेवायचे. तुझं तोंड पडायचं ना, नाही उघडलं की." लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवावा तसं म्हणालीस.

मी तेव्हा एवढाच विचार केला: दर वेळी डॉक्टर "छान" म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. दर वेळी गोळी होती तेवढीच राहिली. मोठ्या हॉस्पिटलातले म्हणायचे, तुमचे डॉक्टर तुम्हाला जवळून बघतात, डोस ते ठरवतील. आणि आपले डॉक्टर बरणीकडे बघून ठरवत होते.

मी म्हणाले, तू माझे हात खाल्लेस.

तू बरणी घरी आणून टेबलावर ठेवलीस आणि चारच दिवसांनी भाच्याकडे गेलीस. बाळ लहान आहे, सुनेला मदत हवी, असं मास्तरांना सांगितलंस. मला काहीच सांगितलं नाहीस.

ते शब्द मी मागे घेत नाही.

हातमोजे घातले आहेत. घालूनच लिहिते आहे.

बारकी


२ मार्च

ताई,

अक्षर वाईट आहे. पेनाला रबरी नळी चढवली आहे तरी निसटतं. थोडक्यात लिहिते.

औषधवाल्याने शेवटी खरंच नाही म्हटलं. त्याची चूक नाही. दोन आठवडे गोळी नाही. सकाळी पलंगाच्या कडेला बसून राहते, पाय आपले वाटायला लागेपर्यंत. चहा गार होतो आणि मी अजून बसलेलीच असते. तू मोजत असतीस तर आता दुसरा कप धरावा लागला असता.

मी लिहिलं होतं की कामावर ठीक चाललं आहे. काम आहे. रफूचं नाही. लॉन्ड्रीच्या मालकिणीने मला तू गेल्यावर लगेचच काउंटरवर बसवलं. म्हणाली, "गिऱ्हाइकांशी गोड बोलायला तुझ्यासारखी दुसरी कुणी नाही." मी तिथे इतकी वर्षं मान खाली घालून रफू करत बसले, गिऱ्हाइकांना माझा आवाजसुद्धा माहीत नव्हता. आता कपड्यांना नंबर लावते. पिना मालकीणच लावते. मी नंबर वाचून दाखवते.

परवा एक कोट आला, कोपराला कसरीने खाल्लेलं भोक. माझ्या जागेवर आलेल्या मुलीने रिळाचा दोरा घेतला. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिने काढला, आणि काम छान केलं. मी बघत बसले. हात मांडीवर होते. बोटं आपोआप हलत होती.

तुझ्या राखी कोटाच्या कोपरावर मी रफू केलं होतं. ते अजून धरून आहे का? कुठल्या कोपरावर ते तुला कधीच सापडलं नाही. दोन्ही बाह्या उजेडात धरून बघायचीस आणि म्हणायचीस, "थापा मारतेस, केलंच नाहीस."

बास. दुखतं आहे.

बारकी


१७ मार्च

ताई,

डॉक्टर मिळाली. मिळाली म्हणजे अर्धी मिळाली. सगळं लिहिते, कारण अर्धी गोष्ट तुझ्याबद्दल आहे.

मास्तरांनी सांगितलं म्हणून गेले. बेकरीच्या वर एक जिना आहे, कठडा हलतो. बाहेरच्या बाकावर खालून पावाचा वास येतो, त्यामुळे तिथे सगळे आजारी आणि भुकेले असतात. डॉक्टर चाळिशीची असेल. आवाज घोगरा. दोन पेशंटच्या मध्ये बिस्कीट खाते आणि चुरा फुंकर मारून उडवते.

मी फाईल पुढे केली. तिने ती न उघडता बाजूला ठेवली.

"फाईल नंतर. आधी हात."

तिने आपली दोन बोटं माझ्या तळव्यात ठेवली. "दाबा."

मी दाबली.

"आणखी."

मी आणखी दाबली.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं. एवढंच तर एवढंच." तिने बोटं काढून घेतली नाहीत. एकेक सांधा चाचपत मनगटापर्यंत गेली, मग दुसरा हात. तिचे हात गरम होते. ताई, तू गेल्यापासून माझा हात कुणी हातात घेतला नव्हता. काउंटरवर लोक पावती टोकाला धरून देतात. मला एकदम गहिवरून आलं. ती म्हणाली, "दुखलं का?" मी हो म्हणाले. ते सोपं होतं.

मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"कोण होतं?"

"बहीण."

"वारली?"

"नाही, नाही. मुलाकडे गेली आहे."

"भांडून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वारली असती तर तुम्ही आधीच सांगितलं असतंत. भांडणाचं मागावं लागतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. बरणीचं, झाकणाचं. बाहेर लोक खोकत होते. तिने बिस्कीट खाल्लं, मलाही एक दिलं. मी विचारलं, गोळी वेळेवर वाढवली असती तर बोटं वाचली असती का.

"कोण सांगणार? एखादं वाचलं असतं. एखादं तरीही वाकलं असतं." तिने माझी करंगळी धरली. "हे, मला वाटतं, वाचलं असतं."

खरं बोलली म्हणून मला ती आवडली. करंगळीकडे मी घरी येईपर्यंत पाहिलं नाही.

तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण ती फाईल उघडून बसली. सगळ्या पानांवर "झाकण उघडले, सहज". बराच वेळ पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या बहिणीने झाकण दर वेळी सारखंच सैल केलं असेल का?"

मला समजलं नाही.

"पूर्ण सैल केलं असतं तर डॉक्टरांना कळलं असतं. झाकण हातात घेताच डगडगलं असतं. तुम्हालाही कळलं असतं. म्हणजे तिला दर वेळी अंदाज घ्यावा लागत असणार. या वेळी हिला कितपत जमेल, तेवढंच सोडायचं. बरी असाल तेव्हा कमी, वाईट असाल तेव्हा जास्त. आणि एकदाही चुकली नाही." तिने फाईल मिटली. "या फाईलवर माझा विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, तुम्ही आत्ता हसून 'ठीक आहे' म्हणत आत आलात. मला ती बाई हवी."

मी म्हणाले, ती येणार नाही.

"पेशंट खोटं बोलतात. घरचेही बोलतात. पण दोघं वेगवेगळं खोटं बोलतात, त्यावरून मला काम करता येतं. एकट्या माणसाचं खोटं घेऊन मी काय करू?"

तिने एक महिन्याची गोळी लिहून दिली, आधी होती तेवढीच. उद्या रक्त द्यायचं आहे. गोळी वाढवायची की दुसरं औषध सुरू करायचं, हे पुढच्या भेटीत ठरवू म्हणाली. दुसरं औषध जोरकस आहे, सोसेल की नाही हे ठरवायला मागची वर्षं माहीत असायला हवीत. कधी वाईट झालं, कधी उतरलं, कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठलं. मी म्हणाले, पुरळ उठलं होतं, पण कुठल्या गोळीने ते आठवत नाही. ती म्हणाली, "तेच म्हणते आहे मी."

जिना उतरताना कठडा धरला. बेकरीतून एक पाव घेतला. दोन माणसांचा घेतला. सवयीने.

बारकी


३० मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. "पिवळी गोळी. पुरळ मानेवर, मग पाठीवर. डॉक्टरला सांग." आणि खाली, वेगळ्या शाईत: "कोट, उजवं कोपर. सापडलं."

डावं आहे. पुन्हा बघ.

भेट पुढच्या महिन्यात आहे, अठरा तारखेला सकाळी. डॉक्टरला तू हवी आहेस म्हणून ये, असं लिहिणार होते. दोनदा तसं लिहिलं आणि कागद टाकून दिला. ते खरं आहे, पण त्यासाठी कार्ड पुरतं. पुरळ तू चार ओळींत सांगितलंस. बाकीचंही कार्डावर सांगशील, आणि ती वाचून घेईल.

मला ते ऐकायचं आहे. थंडीचे दिवस होते, तिला केसांत फणी घालता येईना. ते ऐकताना मी कधी घाबरले नाही, कारण पुढे काय झालं ते सांगणारी शेजारीच बसलेली असायची. आता तीच गोष्ट मी एकटी सांगते तेव्हा ती मध्येच तुटते आणि मला पुढचं येत नाही.

मी म्हणाले होते ते मागे घेतलेलं नाही. करंगळी बघितली की ते पुन्हा खरं वाटतं. मग ती गाठ आठवते, एका टोकाने सुटलेली. दोन्ही एकाच बाईने केलं. मी यांतलं एक ठेवून दुसरं टाकू शकत नाही. पुष्कळ प्रयत्न केला.

तू आली नाहीस तर मी मास्तरांना घेऊन जाईन. ते कबूल झाले आहेत. पण माझ्या सकाळबद्दल ते एवढंच सांगू शकतील की खाली पहाटे नळ सुरू होतो आणि बराच वेळ बंद होत नाही.

बाळ रांगायला लागलं असेल. त्याला सोडून निघणं सोपं नाही, हे मला कळतं. तुझा पलंग मी झटकून ठेवला आहे. उशी उन्हात घातली होती.

आणखी एक. तू बरणी जिथे ठेवली होतीस तिथून मी ती इतके दिवस हलवली नव्हती. तिच्याभोवतीनं टेबल पुसत होते. आज सकाळी उचलली. तिचं झाकण मी स्वतः लावलं. फडकं घेऊन, बरणी पोटाशी धरून, दोन्ही हातांनी, जितकं घट्ट लागतं तितकं लावलं. याहून घट्ट मला लावता येत नाही.

आलीस की कोट काढायच्या आधी ती उघड. मला काही विचारू नकोस, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. झाकण किती सहज फिरतं ते तुझ्या हाताला कळेल. मग डॉक्टरला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी
बारकी